मोठ्या कंपनीच्या आउटसोर्सिंग विभागात रुजू होताना: ऑफर लेटरपासून पहिल्या रात्रपाळीपर्यंत

पुण्यात रुजू झाले त्या आठवड्यात माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर एका कंपनीचं नाव होतं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर दुसरीचं. पगार पहिली देणार, काम दुसरीचं करायचं, आणि रात्री दोनला फोन वाजला तर तो दुसरीच्याच माणसाचा. बार्शीहून आई विचारायची, "मग तू नक्की आहेस तरी कुठे?" त्याचं नीट उत्तर मला सहा महिन्यांनी देता आलं.

मी एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या आयटी सेवा विभागात सर्व्हर सांभाळायच्या कामाला लागले आणि पुढे कित्येक वर्षं त्याच प्रकारच्या कामात राहिले. आता नव्या मुलामुलींना टीममध्ये बसवायचं काम माझ्याकडे असतं. दर बॅचला तेच प्रश्न येतात आणि त्याच चुका होतात. हिंजवडी, खराडी, ऐरोली किंवा नागपूरच्या मिहानमधल्या अशा एखाद्या विभागाचं ऑफर लेटर तुमच्या हातात असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रोजेक्टवर जाणाऱ्यांना यातलं अर्धं लागू पडेल. सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस, सर्व्हिस डेस्क यांपैकी कुठे जाणार असाल तर सगळंच.

१. हा विभाग नक्की काय विकतो ते आधी समजून घ्या

बँकेला, विमा कंपनीला, कारखान्याला संगणक लागतात. पण ते चोवीस तास चालते ठेवणं हा त्यांचा मूळ धंदा नव्हे, म्हणून ते काम करार करून दुसऱ्यावर सोपवतात. रॉस पेरो यांनी १९६२ साली अमेरिकेत डॅलसमध्ये ईडीएस ही संगणक सेवा देणारी कंपनी काढली ती याच विचारावर. मोठ्या कंपन्यांची भीड मोडली ती १९८९ मध्ये. फोटोच्या फिल्म बनवणाऱ्या कोडॅकने आपली डेटा सेंटर्स चालवायचं काम आयबीएमला दिलं आणि तिथे काम करणारी कोडॅकची माणसंही आयबीएमकडे गेली. तोवर आयबीएमला लोक यंत्रं विकणारी कंपनी म्हणून ओळखायचे. पुढे सेवा हाच तिचा सर्वांत मोठा व्यवसाय झाला. आपल्याकडे २००४ मध्ये एअरटेलने आयबीएमशी दहा वर्षांचा करार केला, तेव्हा एखादी टेलिफोन कंपनी आपलं सगळं आयटी बाहेर देते याचं अनेकांना आश्चर्य वाटलं होतं.

हा इतिहास तुमच्या रोजच्या कामाला दोन ठिकाणी भिडतो.

पहिलं म्हणजे, हे करार पाच, सात, दहा वर्षांचे असतात आणि संपतात. करार संपला की टीम मोडते, माणसं दुसऱ्या क्लायंटकडे जातात. हे तुमच्या कामगिरीवर अवलंबून नसतं. पहिल्या वेळी मला ते मनाला लागलं होतं. तुम्ही लावून घेऊ नका.

दुसरं, विभागाचं नावच बदलू शकतं. ईडीएस १९८४ मध्ये जनरल मोटर्सने घेतली, १९९६ मध्ये ती पुन्हा स्वतंत्र झाली, २००८ मध्ये एचपीने विकत घेतली आणि २०१७ मध्ये तो सेवा विभाग सीएससी या दुसऱ्या सेवा कंपनीत मिसळून डीएक्ससी ही नवी कंपनी झाली. आयबीएमने आपला पायाभूत सेवांचा विभाग नोव्हेंबर २०२१ मध्ये वेगळा काढला, तीच आजची किंड्रिल. खुर्ची तीच, काम तेच, पण पगारपत्रकावरचं नाव वेगळं. असा बदल झाला की जुन्या कंपनीचं पोर्टल कधीतरी बंद होतं आणि त्यातली तुमची कागदं मिळवायला दारोदार मेल पाठवावे लागतात. म्हणून पहिल्या महिन्यापासून पगारपत्रक, फॉर्म १६, बढतीचं पत्र, सगळं उतरवून स्वतःच्या खासगी जागी ठेवा.

तीन शब्द कानावर सतत पडतील. "अकाउंट" म्हणजे एका क्लायंटचं सगळं काम मिळून. "टॉवर" म्हणजे त्यातला एक विषय: युनिक्सचा टॉवर, नेटवर्कचा टॉवर, स्टोरेजचा टॉवर. आणि एल१, एल२, एल३ या पायऱ्या. एल१ ठरलेल्या लेखी पायऱ्यांनी प्रश्न सोडवतो, एल२ शोध घेतो, एल३ मुळाशी जातो. नवीन माणूस बहुधा एल१ वर सुरू होतो. त्यात कमीपणा नाही, कारण सगळ्यात जास्त प्रकारच्या अडचणी तिथेच बघायला मिळतात.

२. ऑफर लेटर सावकाश वाचा

सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाचा, आकडा भागिले बारा म्हणजे हातात येणारा पगार, हा हिशोब मनातून काढा. सीटीसीत कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा असतो. बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही असते, ती मूळ पगाराच्या ४.८१ टक्के धरलेली दिसेल. हा आकडा येतो तो वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, सव्वीस दिवसांचा महिना धरून. शिवाय कामगिरीवर मिळणारा बदलता भाग असतो, त्याची पूर्ण रक्कम मिळेलच असं नाही. मूळ पगार १५,००० असेल तर भविष्य निर्वाह निधीपोटी १,८०० तुमचे कापले जातात आणि १,८०० कंपनी भरते. कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनकडे वळतात. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० जातो. महिलांना दरमहा २५,००० पर्यंतच्या पगारावर तो एप्रिल २०२३ पासून नाही.

हे प्रश्न एचआरला मेलवर विचारा, फोनवर नको:

– नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याचा बाँड आहे का? किती महिन्यांचा?
– नोटिस पिरियड किती? तीन महिने असेल तर पुढची नोकरी शोधताना त्याचा त्रास होतो, हे आज माहीत असू द्या.
– रात्रपाळीचा भत्ता पगारात धरलाय की वेगळा?
– कामाचं ठिकाण ठरलेलं आहे की "भारतात कुठेही"?

एक सापळा असा की त्यात गावाकडची मुलं दरवर्षी फसतात. नोकरीसाठी, प्रशिक्षणासाठी, लॅपटॉपच्या अनामतीसाठी पैसे मागणारा माणूस खऱ्या कंपनीचा नसतो. मग पत्रावर बोधचिन्ह हुबेहूब का असेना. मेलच्या पत्त्यात @ नंतर काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचा आणि कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या करिअर विभागातून खात्री करा.

३. कागदपत्रं: सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो

यादी लांब आहे, पण आठवडाभर आधी जमवली तर सोपी जाते:

– दहावी, बारावी किंवा डिप्लोमाची गुणपत्रकं
– पदवीच्या प्रत्येक सत्राची गुणपत्रकं, एटीकेटीची असतील तीही
– पदवी प्रमाणपत्र, ते आलं नसेल तर प्रोव्हिजनल
– आधार, पॅन, असल्यास पासपोर्ट
– रद्द केलेला धनादेश, फोटो, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला
– शिक्षणात किंवा नोकरीत खंड असेल तर त्याचं कारण सांगणारं नोटरीचं प्रतिज्ञापत्र
– आधी नोकरी केली असेल तर रिलीव्हिंग लेटर, शेवटची तीन पगारपत्रकं आणि यूएएन हा भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी क्रमांक

मूळ गुणपत्रकं कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, तिथल्या तिथे परत घ्या.

आता नावाचं प्रकरण. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. पॅनवर कधी वडिलांचं नाव गाळलेलं असतं, कधी नुसतं आद्याक्षर. आपल्याला ही तिन्ही नावं एकच वाटतात. पडताळणी करणारा माणूस दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात बसलेला असतो. फॉर्ममध्ये "पहिलं नाव" या रकान्यात त्याला आडनाव दिसतं आणि तो लाल खूण करून मोकळा होतो. माझ्या बॅचमधल्या एका मुलाची जॉइनिंगची तारीख केवळ यावरून तीन आठवडे पुढे गेली.

उपाय: आधार, पॅन आणि बँक खातं या तिन्हींवरचं नाव रुजू होण्याआधी एकसारखं करून घ्या. भविष्य निर्वाह निधीचं खातं आधारशी जोडलं जातं, तिथे एका अक्षराचा फरक पुढे पैसे काढताना अडवतो. दहावीच्या गुणपत्रकावरचा क्रम बदलत बसू नका. त्याऐवजी "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत" असं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि शासन राजपत्रातली नोंद, दोन्ही जवळ हवीत. आणि कंपनीच्या सगळ्या फॉर्मवर एकच नाव लिहा. ईमेल आयडी त्याच नावाचा बनतो, पुढे क्लायंटकडची परवानगीही त्याच नावावर निघते.

४. पार्श्वभूमी पडताळणी

हे काम कंपनी बहुधा बाहेरच्या संस्थेला देते. विद्यापीठाकडे पदवीची खात्री होते, पत्त्यावर माणूस येतो किंवा फोनवर ठिकाण पाठवायला सांगतात, आधीच्या नोकरीच्या तारखा तपासल्या जातात. काही ठिकाणी नॅशनल स्किल्स रजिस्ट्री या आयटी कर्मचाऱ्यांच्या नोंदवहीत नाव नोंदवून आयटीपीन हा ओळख क्रमांक आणायला सांगतात. बँक किंवा आरोग्य क्षेत्रातला क्लायंट असेल तर पोलिसांचा दाखला आणि कधीकधी अमली पदार्थांची चाचणीही असते.

जे आहे ते सांगा. वर्ष वाया गेलं असेल, एखादी नोकरी दोन महिन्यांत सोडली असेल, तर लिहा. खंड चालतो. लपवलेला खंड वर्षभराने सापडला तरी नोकरी जाते. पैसे घेऊन अनुभवाचा खोटा दाखला देणाऱ्यांच्या जवळही जाऊ नका.

५. बेंच

प्रशिक्षण संपलं आणि प्रोजेक्ट मिळालं नाही, की तुम्ही बेंचवर. पगार चालू, काम नाही. पहिला आठवडा बरा वाटतो, तिसऱ्यात पोटात गोळा येतो. कंपनीच्या हिशोबात माणसं दोनच प्रकारची असतात: ज्यांच्या कामाचं बिल क्लायंटला जातं ती, आणि ज्यांचं जात नाही ती. बेंचवरचा माणूस दुसऱ्या यादीत असतो आणि ती यादी दर आठवड्याला कुणीतरी वाचतं.

म्हणून माणसं वाटून देणाऱ्या विभागातली तुमच्या नावाची नोंद स्वतः उघडून बघा. प्रशिक्षणात लिनक्स शिकलात आणि तिथे कौशल्याच्या रकान्यात "टेस्टिंग" लिहिलेलं असेल, तर योग्य मागणी तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही. आठवड्यातून एकदा त्या विभागाला दोन ओळींचा मेल करा. आपल्या कॉलेजचे, आपल्या तालुक्याचे सीनियर शोधा आणि कॅन्टीनमध्ये गाठून विचारा, "दादा, तुमच्या अकाउंटवर जागा निघतेय का?" यात लाजण्यासारखं काही नाही. माझं पहिलं प्रोजेक्ट मला सोलापूरच्या एका ताईंनी सुचवलं होतं.

काही क्लायंट स्वतः मुलाखत घेतात. ती अर्ध्या तासाची असते आणि ज्ञानापेक्षा तुम्ही स्पष्ट बोलता का, हे जास्त बघतात. येत नसेल तर "हे मी अजून केलेलं नाही" म्हणा. न केलेलं काम सीव्हीत लिहायला कुणी सांगितलं, तर नकार द्या. पुढे ते काम तुमच्याच अंगावर येईल.

६. केटी: इथे जीव ओता

केटी म्हणजे आधीचा माणूस आपलं काम तुमच्या हवाली करतो तो काळ. कागदावर तो चार ते आठ आठवड्यांचा असतो, प्रत्यक्षात त्यातला निम्मा वेळ परवानग्या मिळण्यात जातो. पद्धत ठरलेली आहे. आधी तुम्ही त्याच्या शेजारी बसून बघता, ते शॅडो. मग तुम्ही करता आणि तो बघतो, ते रिव्हर्स शॅडो. मग तो जातो.

ज्याच्याकडून काम घ्यायचं तो कधी नोकरी सोडून चाललेला असतो, कधी क्लायंटचा जुना कर्मचारी असतो आणि या करारामुळे त्याची स्वतःची नोकरी जाणार असते. हे लक्षात असू द्या. माझ्या दुसऱ्या अकाउंटवर परदेशातले एक वयस्कर गृहस्थ मला रोज शिकवायचे. बावीस वर्षं त्यांनी ते सर्व्हर सांभाळले होते. त्यांची वेळ घेताना मी कधी घाई केली नाही, दर सत्रानंतर आभाराचा मेल केला. शेवटच्या आठवड्यात त्यांनी आपली खासगी वही स्कॅन करून पाठवली. अधिकृत दस्तऐवजात नसलेलं निम्मं शहाणपण त्या वहीत होतं.

केटीत हे मागून घ्याच:

– सर्व्हरची यादी, आणि त्यातले खरोखर महत्त्वाचे कोणते
– दर महिन्याच्या शेवटी, तिमाहीला, आर्थिक वर्ष संपताना चालणाऱ्या विशेष कामांची यादी. शॅडोच्या महिन्यात ही कामं डोळ्यांसमोर येतच नाहीत
– रात्री कुणाला उठवायचं त्याचे क्रमांक, आणि ते क्रमांक आजही लागतात का याची चाचणी
– गेल्या सहा महिन्यांतल्या मोठ्या बिघाडांच्या नोंदी
– रनबुक, म्हणजे कामाच्या लेखी पायऱ्या. त्या वाचून प्रत्येक पायरी एकदा स्वतः करा. जिथे अडलात तिथे रनबुक चुकीचं आहे असं समजा आणि दुरुस्त करून टाका
– करारातली तुमच्या टॉवरपुरती पानं: काय आपलं काम, काय नाही, किती वेळात

शेवटचा मुद्दा विचारायला नवीन माणूस कचरतो. पूर्ण करार तुम्हाला कुणी दाखवणार नाही, तो गोपनीय असतो. पण तुमच्या कामाची व्याप्ती आणि वेळेच्या मर्यादा सांगणारा गोषवारा टीम लीडकडे असतो. तो मागा. तो वाचलेला नसेल तर क्लायंटचा माणूस "जरा एवढं बघ ना" म्हणेल, तुम्ही चांगुलपणाने करत जाल, आणि त्या कामात चूक झाली की ते काम तुमचं होतं की नव्हतं हेच कुणाला सांगता येणार नाही.

७. तिकीट आणि एसएलए

तुमचं प्रत्येक काम तिकिटावर, म्हणजे संगणकात क्रमांक देऊन नोंदलेल्या तक्रारीवर किंवा मागणीवर, चालतं. तिकिटांची प्रणाली सर्व्हिसनाऊ असो, रेमेडी असो, नियम एकच: तिकिटात लिहिलं नाही ते झालं नाही.

बिघाडाला प्राधान्य असतं, पी१ ते पी४. पी१ म्हणजे क्लायंटचा धंदाच ठप्प. बऱ्याच करारांत पी१ ला पंधरा मिनिटांत प्रतिसाद आणि चार तासांत दुरुस्ती अशी वेळ असते, पण तुमच्या अकाउंटचे आकडे वेगळे असतील, ते पाठ करा. ही मर्यादा म्हणजे एसएलए. ती मोडली की कंपनीला बिलात सूट द्यावी लागू शकते, म्हणून मॅनेजरचा आवाज चढतो.

टक्क्यांचा अर्थ मिनिटांत कळायला हवा. सेवा ९९.५ टक्के वेळ चालू ठेवायची असेल तर तीस दिवसांच्या महिन्यात बंद राहायला ३ तास ३६ मिनिटं मिळतात. ९९.९ टक्क्यांना ४३ मिनिटं. ९९.९९ टक्क्यांना चारच्या थोडी वर. मी हे तीन आकडे डेस्कवर चिकटवले होते. सर्व्हर पुन्हा सुरू व्हायला बारा मिनिटं लागतात हे माहीत असेल, तर ९९.९९ वाल्या सर्व्हरला हात लावण्याआधी माणूस दोनदा विचार करतो.

पी१ आला की पहिली पंधरा मिनिटं अशी:

तिकीट स्वतःच्या नावावर घ्या, वेळ लिहा. मेल नको, फोन करा: शिफ्ट लीडला आणि मोठे बिघाड हाताळणाऱ्या मॅनेजरला. ब्रिज कॉल, म्हणजे सगळ्या टीमचा एकत्र फोन, उघडेल, त्यात दहा-वीस माणसं असतील. बोलण्याआधी तीन वाक्यं कागदावर लिहा: मला काय दिसतंय, मी काय तपासलं, पुढची माहिती किती वाजता देईन. मी मराठी माध्यमातून शिकले. ब्रिजवर इंग्रजी बोलताना घसा सुकायचा. या तीन लिखित वाक्यांनी मला तारलं, आणि पुढे लक्षात आलं की अनुभवी माणसंही एवढंच बोलतात. अंदाज बांधू नका. "बहुतेक नेटवर्कचं असेल" म्हणालात की नेटवर्कची आख्खी टीम चुकीच्या वाटेला लागते.

फोनवर सर्व्हरचं नाव सांगताना बी, डी, पी, टी हमखास गोंधळतात. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही अक्षरमाला पाठ करा. आणि कुठलीही आज्ञा देण्याआधी आपण कुठल्या सर्व्हरवर आहोत ते होस्टनेम ही सर्व्हरचं नाव दाखवणारी आज्ञा टाकून बघा. चाचणीच्या सर्व्हरची आणि खऱ्या सर्व्हरची नावं बऱ्याचदा एका अक्षराने वेगळी असतात.

दोन गोष्टी करू नका. एक, घड्याळ थांबावं म्हणून तिकीट उगाच "पेंडिंग"मध्ये टाकणं. वापरकर्त्याकडून माहिती हवी असेल तरच ती स्थिती. ऑडिटमध्ये हे उघडं पडतं, आणि त्याआधी तिकडे अडकून पडलेला माणूस असतो. दोन, आपलं नाही म्हणून तिकीट दुसऱ्या टीमकडे ढकलणं. पाठवायचंच असेल तर काय तपासलं ते लिहून पाठवा.

८. बदल करायचा असेल तर

बिघाड दुरुस्त करणं वेगळं, ठरवून बदल करणं वेगळं. बदलासाठी चेंज तिकीट लागतं, मंजुरी देणाऱ्या मंडळाची बैठक होते, वेळ ठरते. त्या तिकिटातला एक रकाना लोक घाईने भरतात: काम फसलं तर मागे कसं यायचं. "बॅकअपवरून पूर्ववत करू" एवढं पुरत नाही. तो बॅकअप कुठे आहे, आज सकाळी झालाय का, परत आणायला किती वेळ लागतो, हे लिहा.

तारीखही नीट लिहा. अमेरिकेत ०४/०७ म्हणजे ७ एप्रिल, आपण वाचतो ४ जुलै. महिना नेहमी अक्षरांत.

९. गुप्तता

क्लायंटचा पासवर्ड, सर्व्हरचा पत्ता, लॉगमधला मजकूर स्वतःच्या मेलवर पाठवू नका. अडलं म्हणून तोच मजकूर सार्वजनिक एआय चॅटमध्ये चिकटवू नका, नावं आणि पत्ते काढून प्रश्न सोपा करून विचारा. टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडद्याचा फोटो टाकू नका. आणि आपला आयडी मित्राला पाच मिनिटांसाठीही देऊ नका. त्या पाच मिनिटांत जे होईल, त्यावर तुमचं नाव छापलं जाईल.

टाइमशीट शुक्रवारी दुपारपर्यंत भरा. त्यावरून क्लायंटचं बिल निघतं. ती राहिली तर टीम लीडला तुमच्यासाठी शब्द टाकावा लागतो.

१०. पहिली रात्रपाळी

रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, आलं की पहिल्यांदा घड्याळाचा प्रश्न सोडवा. भारतात घड्याळ बदलत नाही, तिकडे बदलतं. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. लंडन साडेपाच आणि साडेचार. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. ब्रिटन आणि युरोपात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात की अमेरिका बदललेली असते आणि युरोप नाही.

मला याची किंमत मोजावी लागली. आमची देखभालीची वेळ न्यूयॉर्कच्या शनिवारी रात्री दहाला होती, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेआठला. मार्चमध्ये घड्याळ बदलल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी नेहमीसारखी आठ वीसला लॉगिन झाले. काम साडेसातला सुरू व्हायचं होतं. पन्नास मिनिटं तिकडची चार माणसं माझी वाट बघत बसली होती. कुणी ओरडलं नाही, पण त्या शांततेचा मला फार त्रास झाला. तेव्हापासून मी टीमच्या रोस्टरमध्ये या चार तारखा दरवर्षी जानेवारीतच लाल रंगाने टाकते. तुम्हीही टाका, आणि फोनवर क्लायंटच्या शहराचं घड्याळ लावून ठेवा.

मुलींसाठी: महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम करायला तुमची संमती लागते आणि सुरक्षेची व्यवस्था करणं मालकावर असतं. कॅबच्या नोंदीत घराचा खरा पत्ता द्या, कोपऱ्यावरचा नको. चालकाने ओटीपी न घेता गाडी सुरू केली, किंवा शेवटी उतरणारी तुम्ही एकटी असून सोबत सुरक्षारक्षक नसेल, तर संकोच न करता लगेच वाहतूक विभागाला फोन करा. मी एकदा केला होता. दहा मिनिटांत दुसरी गाडी आली.

सोबत ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत: चार्जर, हेडसेट, लॉगिनचं टोकन किंवा टोकनचं अॅप असलेला फोन, एक कागदी वही, घरचा डबा, स्वेटर. एसी रात्री तीनला फार थंड वाटतो. चहा दोनच्या आत थांबवा, नाहीतर सकाळी झोप लागत नाही. घरच्यांना आणि खोलीतल्या मैत्रिणींना झोपेची वेळ स्पष्ट सांगा, दाराला कागद लावा. पहिला महिना भाऊ, मावशी, कुरियरवाला सगळे सकाळी अकरालाच फोन करतात.

एकट्याने काढायच्या पहिल्या रात्री हा क्रम ठेवा. पंधरा मिनिटं आधी बसा. जाणाऱ्या माणसाला तोंडी विचारा, "काय अर्धवट आहे? कुणाचा फोन येऊ शकतो?" त्याने सांगितलेलं त्याच्यासमोरच हँडओव्हरच्या नोंदीत लिहा. मग व्हीपीएन, जंप सर्व्हर (क्लायंटच्या सर्व्हरकडे जायचा मधला सर्व्हर), तिकीट प्रणाली, तिन्हींवर लॉगिन होऊन बघा. पासवर्डची मुदत त्याच रात्री संपल्याचं मध्यरात्री कळायला नको. ऑन-कॉल एल२ कोण आहे ते बघा आणि त्याला संदेश टाका, "आज माझी पहिली एकटीची रात्र आहे." चांगली माणसं या संदेशाला उत्तर देतात, आणि देत नाहीत त्यांचं उत्तर कसं मिळवायचं ते शिफ्ट लीडला माहीत असतं. अडलात तर वीस मिनिटांच्या वर एकट्याने झगडू नका, उठवा. एल२ ला त्याचाच पगार मिळतो, आणि चारला उठवण्यापेक्षा दोनला उठवलेलं त्याला चालतं.

पहाटे साडेपाचला हँडओव्हर लिहायला घ्या. किती तिकिटं आली, किती मिटली, उरली ती का उरली, पुढच्याने कुठलं काम किती वाजता तपासायचं. काही घडलं नसेल तरी "काही घडलं नाही, बॅकअप ४.१० ला तपासला, ठीक" असं वेळेसकट लिहा. सकाळपाळीचा माणूस खुर्चीत बसून लॉगिन झाल्याचं डोळ्यांनी बघा आणि मगच उठा. त्याची कॅब वाकडच्या पुलाखाली अडकली असेल तर तुमची शिफ्ट अजून संपलेली नाही. तसं शिफ्ट लीडला लिहा, आणि जास्तीचा वेळ टाइमशीटमध्ये टाका.